मीठ-कोळशाचा खड्डा

"आधी माझ्या नवऱ्यासाठी खणलास, तो खड्डा पुरला नाही का तुला?"

माझ्या बायकोचा, सेलीचा, आवाज विहिरीपलीकडे गेला असणार, कारण शेजारच्या वाडीत केळीला पाणी लावत असलेली माझी चुलती हातातलं फावडं तसंच धरून बघत राहिली. मी पडवीतल्या लाकडी बाकावर बसलो होतो. लोखंडी खुर्चीवर बसणं मी मे महिन्यापासून सोडलं होतं.

फाटकाबाहेर हरेश्वर चुरी उभा होता. आमच्या वसईकडच्या गावात लग्नाच्या मांडवांना वीज जोडून देणारा वायरमन. खांद्यावर पहार, गालात तंबाखू, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तांब्याचा पत्रा आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेली दोन गोणपाटं. चपला त्याने फाटकाबाहेरच काढून ठेवल्या होत्या.

"वहिनी, मी घरात येत नाही," तो म्हणाला. "विहिरीच्या बाजूला ओलीत एक खड्डा खणायचाय. अर्थिंगचा. खणतो आणि जातो."

"कोणी बोलावलं तुला?"

"कोणी नाही. माझं मीच आलो."

सेली माझ्याकडे वळली. "तू बोल ना काहीतरी! तुझ्या दारात आलाय हा."

त्या माणसाला मी शेवटचं पाहिलं होतं ते ग्रेगूच्या बहिणीच्या लग्नात, मांडवाच्या खांबाला टेकवलेल्या शिडीवर.

ग्रेगू म्हणजे ग्रेगरी, माझा मावसभाऊ. आमच्या बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा. हेमंत चौलकर ड्रम्सवर, आणि मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो आणि गायचो. आम्ही ब्लूज वाजवायचो. केळीच्या वाडीत वाढलेल्या बेनी कोलासोला ब्लूजचं वेड कसं लागलं, हे मला आयुष्यभर लोक विचारत आलेत. उत्तर सोपं आहे. माझा जोसेफकाका जहाजावर नोकरीला होता. एका फेरीत त्याने रेकॉर्डींचा गठ्ठा आणला आणि दुसऱ्या फेरीत एक जुनी लाल गिटार. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांची दुःखाची गाणी, ती माणसं शहरांत आल्यावर विजेच्या गिटारवर चढलेली. एक एक सूर असा ताणून धरायचा की तो माणसासारखा विव्हळला पाहिजे. आई म्हणायची, "हे कसलं रे रडगाणं? पण मेला पाय हलतो, थांबत नाही."

त्या रडगाण्यावर आम्ही हळूहळू मुंबईच्या हॉटेलांपर्यंत पोचलो. वर्तमानपत्रांत दोनदा फोटो आला. पण घरचं लग्न असलं की आम्ही मांडवातही वाजवायचो, तशी गावाची रीतच आहे.

त्या दिवशी मांडवात जनरेटर बंद पडला. वऱ्हाड ताटकळलेलं, नवरा-नवरी केकसमोर उभी, सगळेच ओरडत होते, "अरे हरेश्वर, लाव लवकर!" त्याने शेजारच्या घरातून दुसरी लाईन ओढली आणि माइकचे स्पीकर तिच्यावर टाकले. माझा अँप्लिफायर लग्नघरातून आधीच घेतलेल्या लाईनवरच राहिला. घाईत कुठली तरी वायर उलटी जोडली गेली आणि अर्थिंगची राहूनच गेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की डावा हात तारांवर ठेवून मी गाण्यासाठी माइकला ओठ लावले आणि माझ्या तोंडात तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव आली. मग माझं शरीर माझं राहिलं नाही. हात उघडायचा होता, तो आणखी घट्ट मिटत गेला. समोरची माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, बेनी रंगात आलाय.

ग्रेगूला मात्र कळलं. त्याने रबरी बुटाची लाथ माझ्या कमरेत घातली, तेव्हा मी माइकपासून सुटून आडवा पडलो. माझा श्वास थांबला होता. सेली नर्स आहे. लग्नाच्या जरीच्या साडीत ती स्टेजवर चढली आणि माझ्या छातीवर दोन्ही हात देऊन बसली. तिने मला परत आणलं. आणताना माझी एक फासळी मोडली.

फासळी जुळली. डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे काळे व्रण उठले होते, तेही गेले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ठणठणीत आहात, वाजवा." पण मी दिव्याचं बटण लाटण्याने दाबायचो. फ्रिज सेलीला उघडावा लागे. नळाला हात लावायच्या आधी मी पाण्याकडे बघत उभा राहायचो. लाल गिटार पेटीत घालून पलंगाखाली सरकवली होती. आणि हे सगळं मी थट्टेवारी न्यायचो, कारण खरं सांगायची लाज वाटायची.

त्यातच ऑक्टोबरमध्ये ग्रेगू बातमी घेऊन आला. शिकागोचे एल्डन टिब्स मुंबईला येणार होते. सत्तरी ओलांडलेले गायक, जोसेफकाकाच्या गठ्ठ्यात त्यांच्या दोन रेकॉर्डी होत्या. त्यांच्याबरोबर फक्त पियानोवाला येणार होता, बाकी साथ इथल्या बँडने करायची होती, आणि त्यांच्या माणसांनी आमची टेप ऐकून आम्हाला निवडलं होतं.

"दुसरा गिटारवाला घ्या," मी म्हटलं.

ग्रेगू माझ्यासमोर येऊन बसला. "त्यांनी टेपवरची गिटार ऐकून हो म्हटलंय, बेनी. माझा बेस ऐकून नाही."

"मला जमणार नाही."

"या शनिवारपर्यंत विचार कर. मग मी त्यांना नाही कळवतो. तुझ्याशिवाय दुसरा कोणी घेऊन मी जाणार नाही."

हा त्याचा उदारपणा मला फार जड गेला. माझ्यामुळे दोघांचीही संधी जाणार होती.

आणि त्याच आठवड्यात हरेश्वर फाटकाशी येऊन उभा राहिला.

"खणू दे त्याला," मी सेलीला म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. त्याला परत पाठवायलाही मला उठून फाटकापर्यंत जावं लागलं असतं, आणि फाटक लोखंडी होतं.

सेलीने पदर खोचला आणि ती आत निघून गेली. पण आतली भांडी वाजत राहिली.

हरेश्वर खणू लागला. सकाळभर खणत होता. कमरेइतका खड्डा झाला, मग छातीइतका. आमच्याकडची जमीन वाळूची, थोडं खोल गेलं की पाणी लागतं. ओल दिसल्यावर तो थांबला. पत्र्याला जाड तार जोडून त्याने तो खड्ड्यात उभा केला, एका गोणीतला कोळसा ओतला, दुसरीतलं मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मी बाकावरून उठून कधी विहिरीजवळ आलो ते मला कळलं नाही.

"मीठ कशाला?" मी विचारलं.

"ओल धरून ठेवतं." तो वर न बघता बोलत होता. "विजेला जमिनीत जायचं असतं, बेनीभाऊ. तिला चांगली वाट दिली की ती माणसाच्या वाटेला जात नाही. त्या दिवशी मी वाट दिली नाही."

"सगळेच घाई करत होते."

"घाई सगळ्यांची होती. हात माझा होता."

मग तो खड्डा बुजवायला लागला.

दुपारी त्याने तार पडवीपर्यंत आणली आणि भिंतीवर नवा सॉकेट बसवला. पिशवीतून मीटर काढून त्याने मला काटा दाखवला. "बघा. आता अँप्लिफायर आणि माइक दोन्ही यावरच लावायचे. लावून बघू?"

"मीटर त्या दिवशी नव्हता तुझ्याकडे?"

"होता," तो म्हणाला. "लावला नाही."

आतली भांडी वाजायची थांबली होती. सेली उंबऱ्यात उभी होती.

मी पलंगाखालची पेटी ओढून आणली. पेटी लाकडी होती, तिला हात लावायला मला भीती नव्हती. अँप्लिफायर हरेश्वरनेच उचलून आणला, माइक स्टँडवर लावला, बटणं चालू केली. पेटी उघडून मी मागे सरलो. लाल गिटार मखमलीवर पडली होती. तिच्या तारांवर गंज चढला होता.

"मला नाही जमणार," मी म्हटलं. हे शब्द मी पहिल्यांदाच सेलीसमोर बोलत होतो.

"तुम्हाला कुठे सांगतोय?" हरेश्वर म्हणाला.

त्याने गिटार उचलली. ती कशी धरतात ते त्याला माहीत नव्हतं. एखादा फणस उचलावा तशी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मग डावा पंजा सगळ्या तारांवर घट्ट दाबला आणि माइकसमोर जाऊन उभा राहिला. पायात चप्पल नव्हती. अनवाणी पाय फरशीवर.

"अरे, चप्पल तरी घाल!" सेली ओरडली.

"चपलेने काय कळणार, वहिनी?"

त्याने डोळे मिटले. ओठ हलले, कुठल्या तरी देवाचं नाव घेतलं असावं. मग तो पुढे झुकला आणि त्याने माइकला तोंड लावलं.

काही झालं नाही.

तो तसाच उभा होता, डोळे मिटून. मग माइकमधूनच बोलला, "हॅलो."

तो "हॅलो" साऱ्या वाडीवर पसरला. माडावरचे कावळे उडाले. शेजारून चुलती ओरडली, "कोण रे तो?"

"हॅलो," हरेश्वर पुन्हा म्हणाला. "काही नाही होत. बेनीभाऊ, काही नाही होत!"

त्याने गिटार अगदी हळू पेटीत ठेवली. तो पडवीच्या पायरीवर खाली बसला. तारांवर दाबलेला डावा हात त्याने उजव्या हातात घट्ट धरला होता.

"तुम्ही पडलात त्या दिवसापासून तारेला हात लावला नव्हता," तो म्हणाला. "धंदा सोडला. वर्तकांच्या वाडीत केळीचे घड उचलतो. घरातला बल्ब गेला तर बायको बदलते. काल रात्री तिला म्हटलं, मी उद्या कोलासोंकडे जातो. ती म्हणाली, तुला मारतील. म्हटलं, मारू देत."

मला वाटत होतं, अख्ख्या गावात बटणाला घाबरणारा मी एकटाच आहे.

सेली आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो त्याच्या हातात देताना म्हणाली, "मी उंबऱ्यात का उभी होते माहीत आहे? तू आडवा झाला असतास तर तुझीही फासळी मोडली असती मी."

हरेश्वरला एवढं हसू आलं की पाणी त्याच्या नाकात गेलं. सेली त्याच्या पाठीवर थापट्या मारायला लागली, जरा जास्तच जोरात. आणि त्या गडबडीत, दोघांचं माझ्याकडे लक्ष नसताना, मी गिटार उचलली.

एकच सूर वाजवला. वरच्या तारेवरचा, बोटाने ढकलून चढवलेला. गंजक्या तारेतून तो खरखरत आला, पण आला, आणि मी सोडेपर्यंत टिकला. सेलीचा हात हरेश्वरच्या पाठीवरच थांबला. मग मी दुसरा वाजवला. बोटांची कातडी मऊ पडली होती, तार रुतत होती. ते दुखणंसुद्धा इतकं ओळखीचं होतं, की मी संध्याकाळपर्यंत वाजवत राहिलो.

माइकला मात्र मी तोंड लावलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. ग्रेगू आणि हेमंत रोज तालमीला येऊ लागले. ग्रेगूने पहिल्या दिवशी मला मिठी मारली आणि मग काहीच झालं नसल्यासारखा बेस जुळवत बसला. गायचं तर टिब्सच गाणार होते, मी नुसती साथ करणार, असं ठरलं होतं. मला तेवढं पुरे होतं.

"हरेश्वर आपल्याबरोबर मुंबईला येईल," मी त्यांना सांगितलं.

"तिथे त्यांचे साउंडवाले असतात," हेमंत म्हणाला.

"असू देत."

कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये होता, वांद्र्याला समुद्राकाठच्या एका मैदानावर. टिब्स थकलेले असायचे म्हणून दुपार कलतानाच सुरू करून दिवेलागणीला संपवायचं ठरलं होतं. हरेश्वर पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आल्या आल्या त्याने स्टेजमागे जाऊन एक एक जोड तपासला. तिथला साउंडवाला, कानात हेडफोन घातलेला तरुण, वैतागला. "अंकल, हे सगळं चेक केलंय आम्ही."

"केलं असेल," हरेश्वर म्हणाला. "मी पण करतो."

माणसं येऊन गवतावर बसायला लागली होती. त्यांच्यासमोर हा पांढऱ्या शर्टातला माणूस स्टेजवर गेला, पायताण काढलं, माझी गिटार पोटाशी धरली आणि माइकला ओठ लावले. लोकांना वाटलं, हाच गाणार. कोणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. हरेश्वर गोरामोरा झाला आणि खाली उतरला. "ठीक आहे," मला म्हणाला.

टिब्स स्टेजच्या बाजूला खुर्चीवर बसून हे बघत होते. काठीने त्यांनी मला जवळ बोलावलं. "हा काय करत होता?"

मी सगळं सांगितलं. मांडव, लाथ, फासळी, खड्डा. माझं इंग्रजी त्या वेळी अडखळतच चालायचं, पण त्यांनी घाई केली नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "त्याला सांग, माझाही माइक चाखून बघ."

हरेश्वर पुन्हा वर गेला. या वेळी लोकांनी त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

टिब्सचा आवाज रेकॉर्डीवरच्यापेक्षा खोल गेला होता. ते बसून गायचे, एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. त्या थांबण्यात माझ्या गिटारने उत्तर द्यायचं. पहिल्या दोन गाण्यांत मी जपून उत्तरं दिली. तिसऱ्यात त्यांनी माझ्याकडे मान वळवली, जणू म्हणत होते, एवढंच? मग मीही जपणं सोडलं.

शेवटून दुसऱ्या गाण्यात मात्र एक कडवं संपल्यावर त्यांनी काठी उचलली आणि माझ्यासमोरच्या माइककडे दाखवली. पुढचं कडवं तू.

हे ठरलं नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी काठी खाली केली नाही. ग्रेगू आणि हेमंत तोच ठेका फिरवत राहिले. मी माइकजवळ गेलो, आणि वीतभर अंतरावर माझं तोंड थांबलं. जिभेवर ती तांब्याची चव आली.

मी बाजूला पाहिलं. स्टेजच्या कडेला लाकडी फळीवर मुख्य स्विच होता. तो हरेश्वरने धरून ठेवला होता. तो टिब्सकडे बघत नव्हता, लोकांकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्यामागे सेली उभी होती, पदर खोचून.

मी पुढे झुकलो आणि ओठ लावले.

माइकला तंबाखूचा वास येत होता.

मला इतकं हसू फुटलं की पहिली ओळ हसण्यातच गेली. लोकांना वाटलं, ती गाण्याची लकबच आहे. दुसरी ओळ मी नीट म्हटली, तिसरी त्याहून मोठ्याने, आणि कडव्याच्या शेवटी गिटारवर जो सूर ताणला तो इतका लांबला की टिब्सनी खुर्चीवरून अर्धवट उठून काठी आपटली. मी आणखी एक कडवं घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी वीस-बावीस वर्षं वाजवलं. कोलकात्याला, शिलाँगला, दोनदा जर्मनीत. टिब्सनी कुठे कुठे पत्रं टाकली म्हणून ती दारं उघडली. प्रत्येक ठिकाणी माझ्याआधी हरेश्वर स्टेजवर जायचा आणि माइकला तोंड लावायचा. त्याच्या तंबाखूवरून आमची भांडणं व्हायची. पण मला विचाराल तर माझं वाजवणं त्या संध्याकाळीच सुरू झालं. त्याआधीचं सगळं शिकणं होतं.

त्या संध्याकाळचं शेवटचं गाणं संपलं तेव्हा समुद्रावर अंधार उतरत होता आणि मैदानावरचे दिवे लागले होते. लोक उभे होते. टिब्सनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि आम्ही सगळे एका ओळीत वाकलो. मग मी गिटार गळ्यात तशीच ठेवून हरेश्वरकडे गेलो. तो अजून स्विच धरून उभा होता. घामाने त्याचा पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

"मग बंद करतो," असं म्हणून त्याने स्विच खाली ओढला.

आणि अख्खं मैदान अंधारात गेलं. स्टेज, माइक, खांबांवरचे दिवे, चहाच्या टपरीवरचा बल्बसुद्धा. टिब्स स्टेजच्या मधोमध उभे, साउंडवाला शिव्या देत कुठेतरी अडखळला, हेमंतचा एक ड्रम गडगडत खाली गेला. क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग अंधारातून टिब्सचं हसणं ऐकू आलं, खोल, खोकल्यासारखं, थांबता थांबेना. ते ऐकून ग्रेगू हसायला लागला. मग समोरच्या गवतावरची शेकडो माणसं. आणि माझ्या अगदी कानाशी सेली हसत होती. मे महिन्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

"अरे देवा," हरेश्वर अंधारात म्हणाला. "सगळंच याच्यावर होतं वाटतं. बेनीभाऊ, लावू परत?"

"थांब," मी म्हटलं. "राहू दे जरा वेळ."